खेडगीकर ते रामानंद तीर्थ : हिप्परगा येथील 'स्व'चे परिवर्तन

प्रस्तावना :
नाव, कुल, व्यवसाय आणि प्रदेश बदलल्यानंतरही व्यक्ती तीच राहते काय, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नाही. चरित्रलेखन करणाऱ्या इतिहासकारालाही तो सोडवावा लागतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा गावाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

विवेचन :
व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म 1903 मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. 1920 मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा विद्यार्थिदशेतच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम करून ते निजामी राज्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. याच वास्तव्यात, 1930 च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

परंपरेनुसार संन्यासी स्वतःचेच श्राद्ध करतो. गोत्र व पूर्वाश्रमीचे नाव मागे पडते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पूर्वीची व्यक्ती संपलेली असते. स्वामीजींच्या बाबतीत मात्र भगवी वस्त्रे परिधान केल्यावरही अध्यापन सुटले नाही. 1938 मध्ये ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, कारावास भोगला आणि पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. 1952 मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. संन्यासाने त्यांचे कुटुंब सुटले. समाज सुटला नाही.

या काळात त्यांच्या भोवतालच्या समाजाची ओळखही बदलत होती. निजामाची प्रजा 1948 नंतर भारतीय संघराज्याशी जोडली गेली. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 2023 मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. ज्या वृद्धांनी ही सर्व स्थित्यंतरे अनुभवली, त्यांनी गाव न सोडताही अनेक ओळखी धारण केल्या.

निष्कर्ष :
खेडगीकर आणि रामानंद तीर्थ या दोन व्यक्ती मानल्यास 1920 च्या व्रताचा 1938 च्या सत्याग्रहाशी असलेला संबंध तुटतो. एकच अपरिवर्तनीय व्यक्ती मानल्यास संन्यासाला अर्थ उरत नाही. म्हणून 'स्व'चे सातत्य नावात वा कुलात न शोधता स्वेच्छेने स्वीकारलेल्या आणि पुनःपुन्हा निभावलेल्या बांधिलकीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. स्थानिक इतिहास लिहिताना व्यक्तीचे अंतिम, गौरवप्राप्त नाव तिच्या पूर्वायुष्यावर लादण्याचा मोह म्हणूनच टाळावयास हवा. हिप्परग्याच्या शाळेत प्रथम आले ते स्वामीजी नव्हते. खेडगीकर गुरुजी होते.