कार्डाची मुदत संपते, हक्काची नाही

अम्मीचा इंतकाल झाला त्या रात्री न्यू जर्सीहून खालाचा फोन आला. आधी ती रडली, मग म्हणाली, "बेटा, माझं ग्रीन कार्ड चार महिन्यांपूर्वीच संपलंय. आले तर मला परत घेतील का?" तीस वर्षं तिनं तिथं काम केलं, टॅक्स भरला. तरी तिला वाटत होतं की कार्डाबरोबर आपलं तिथलं राहणंही संपलं. ती आली नाही. बहिणीची कबर तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिली.

त्यानंतर मी या कार्डाचा इतिहास वाचत गेलो. त्याचा जन्म संशयातून झाला आहे. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना 28 जून 1940 रोजी अमेरिकेत परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला. 14 वर्षांवरील प्रत्येक बिगर-नागरिकानं पोस्ट ऑफिसात जाऊन नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे. बदल्यात एक पावती मिळे. ती फक्त नोंदणीची पावती होती, राहण्याचा परवाना नव्हता.

युद्धानंतर कायमस्वरूपी राहणाऱ्यांना वेगळं, हिरव्या रंगाचं कार्ड मिळू लागलं. त्याच सुमारास, 1946 साली, भारतीयांना वर्षाला 100 जणांचा कोटा आणि नागरिकत्वाचा मार्ग मिळाला. त्याआधी 1923 च्या भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. मोठ्या संख्येनं भारतीय तिथं गेले ते 1965 च्या कायद्यानंतर.

1964 साली कार्ड निळसर झालं, पुढंही रंग बदलत राहिले. लोकांच्या तोंडी नाव मात्र 'ग्रीन कार्ड'च राहिलं. 2010 साली ते पुन्हा हिरवं झालं.

खरा मुद्दा मुदतीचा आहे. 1989 पर्यंतच्या कार्डांवर संपण्याची तारीखच नसे. त्या वर्षापासून दहा वर्षांची मुदत छापली जाऊ लागली. कारण साधं होतं : फोटो जुना होतो, चेहरा बदलतो, बनावट कार्डं निघतात. म्हणजे तारीख कार्डाला घातली गेली, राहण्याच्या हक्काला नाही. (लग्नाच्या आधारे मिळणारं दोन वर्षांचं सशर्त कार्ड याला अपवाद आहे. तिथं वेळेत अर्ज न केल्यास दर्जाच जातो.)

पण खालाची भीती वेडगळ नव्हती. आम्हा कोकणी मुसलमानांना कागदाच्या तारखेचा जुना अनुभव आहे. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं पोटासाठी केपटाउनला गेली. 1906 च्या केप वसाहतीच्या कायद्यानंतर त्यांना गावी येताना परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, बोटांचे ठसे आणि मुदत असे. घरचं आजारपण, शेतीची कामं किंवा चुकलेली बोट, कारण काहीही असो; मुदत उलटली की परतीचा हक्क जाई. तिथं कागद संपणं म्हणजे खरंच सगळं संपणं होतं.

त्या जुन्या मुदतीची सावली ग्रीन कार्डावरही आहे, पण वेगळ्या जागी. सलग एक वर्ष किंवा जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिलं, तर नुसतं कार्ड दाखवून परत जाता येत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी वेगळ्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. मायदेशी लांबलेल्या मुक्कामाची भीती म्हणून खरी आहे. संपलेल्या कार्डाची भीती मात्र बरीचशी अज्ञानातून येते.

अर्थात कार्ड संपलं तरी चालतं, असं नाही. 18 वर्षांवरील व्यक्तीनं वैध कार्ड जवळ बाळगावं असा कायदा आहे. नोकरीत, विमानतळावर अडचण येते. पण नूतनीकरणाचा आय-90 हा अर्ज मुदतीच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मुदत उलटल्यावरही. अर्जाची पोच जुन्या कार्डासोबत दाखवली की ते वैध धरलं जातं. सप्टेंबर 2024 पासून ही सवलत 36 महिन्यांची आहे.

खालानं अर्ज केलाच नव्हता. "उशीर का केला, असं विचारतील," या भीतीनं. चार महिने फॉर्म टेबलावर पडून होता. तिला हे सांगणारं कुणी भेटलं असतं, तर चाळिसाव्याला तरी ती आली असती.

आली ती पहिल्या बरसीला. पर्समध्ये जुनं कार्ड आणि घडी घातलेलं पोचपत्र होतं. आमच्या गावी बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून ती फाटकाशीच उभी राहिली, हात उचलून. दुआ संपल्यावर तिनं पर्स उघडून पत्र जागेवर आहे का, ते एकदा पाहिलं.