कडू पित्त आणि नवी औषधे

श्रोतेहो, दादरच्या शिवाजी पार्कवर तुम्ही कधी संध्याकाळी गेला असाल, तर समुद्राचा वारा अंगावर घेत कट्ट्यावर बसलेली माणसे पाहिली असतील. ही मोकळी हवा मुंबईला सहजासहजी मिळालेली नाही. 1896 साली शहरात प्लेग शिरला. कोंदट चाळींतून माणसे पटापट मेली, हजारोंनी गावची वाट धरली. रोग झाल्यावर तो बरा करील असे औषधच नव्हते! डॉ. हाफकिन यांनी 1897 साली लस काढली, पण ती आधी टोचायची. मग रुंद रस्ते आणि हवेशीर घरे बांधण्यासाठी 1898 साली सुधार ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या झाल्या. 1925 साली हे मैदान खुले झाले आणि 1927 साली त्याला शिवरायांचे नाव मिळाले.

त्याच सुमारास, 1900 साली, जर्मनीत नॉयफेल्ड यांना एक नवल दिसले. न्युमोनियाचे जंतू पित्तात घातले, तर ते विरघळून गेले. मासळी साफ करताना फुटले तर कालवण कडू करणारे, तेच हे पित्त!

पण पित्त म्हणजे औषध नव्हे. आपल्या आतड्यातले कितीतरी जंतू त्यात सुखाने नांदतात. पुढे पेनिसिलीन आले. 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात तेही तयार होऊ लागले. जंतू हरले असे वाटले. परंतु औषधाच्या माऱ्यातून जे वाचले, त्यांचाच वंश वाढला आणि जुनी औषधे लागू पडेनाशी झाली.

तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा पित्ताकडे वळले. पित्ताम्लाच्या कणाची एक बाजू पाण्याशी सलगी करते, दुसरी चरबीशी, अगदी साबणासारखी. जंतूचे आवरणही चरबीचेच. अमेरिकेत सॅव्हेज यांनी या कणाला धनविद्युतभाराचे गट जोडले. जंतूच्या ऋणभारित आवरणाला तो चिकटतो आणि ते फोडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दोन-दोन पित्ताम्ले सांधून त्यांची बुरशी व जंतूंवर परीक्षा झाली.

मात्र काचेच्या नळीतला जंतू मेला म्हणजे रोगी बरा झाला, असे नव्हे. नवे औषध सिद्ध व्हायला वर्षे लागतात. तोवर आहे ती औषधे जपली पाहिजेत. साध्या पडशाला शेजारच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. कोंबड्या-गुरांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गुरुजनहो, मुलांना एवढे जरूर सांगा. औषध नसलेल्या गावाचे काय होते, ते मुंबईने एकदा पाहिले आहे.