आकड्याआधी हद्द वाचा: डर्बनचं एथेक्विनी कसं झालं?

संशोधनाचा आराखडा लिहायला घेतला की 'अभ्यासक्षेत्राची ओळख' हा भाग येतोच. स्थान, क्षेत्रफळ, लोकसंख्या, भाषा, व्यवसाय. जनगणनेतून चार तक्ते उचलायचे, एक नकाशा चिकटवायचा, की झालं! पण शहरांच्या इतिहासावर काम करणार असाल तर इथेच थोडं थांबा. लोकसंख्येचा आकडा हा नेहमी एका रेषेच्या आतला आकडा असतो. ती रेषा कोणी आखली, कधी आखली आणि कोणाला आत किंवा बाहेर ठेवण्यासाठी आखली, हे न विचारता तो आकडा वापरला तर पुढची सगळी तुलना डगमगते.

उदाहरण म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एथेक्विनी महानगरपालिका घेऊ. डर्बन हे बंदराचं शहर तिच्या पोटात येतं. 'इथेकू' म्हणजे झुलू भाषेत खाडी किंवा उपसागर, त्यावरून हे नाव. २०११ च्या जनगणनेनुसार इथे ३४ लाख ४२ हजार ३६१ लोक राहत होते. त्यात कृष्णवर्णीय आफ्रिकन ७३.८ टक्के, भारतीय वा आशियाई १६.७ टक्के, गोरे ६.६ टक्के आणि 'कलर्ड' म्हणजे मिश्रवंशीय २.५ टक्के. तक्ता म्हणून सरळ वाटतो. आता तो उलगडून बघू.

माणसं आली कशी?

प्रांताचं नाव क्वाझुलू-नाताळ. वास्को द गामा १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास या किनाऱ्यावरून गेला म्हणून 'नाताळ'. आपल्या सणाचं नावही पोर्तुगीजांकडूनच आलेलं आहे. किनाऱ्यावर झुलू आणि त्यांच्याशी नातं असलेल्या समूहांची वस्ती होती. १८२४ मध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांनी तिथे ठाणं केलं. १८३५ मध्ये केपचे गव्हर्नर बेंजामिन डी'अर्बन यांचं नाव गावाला मिळालं आणि १८५४ मध्ये नगरपालिका झाली.

उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेलं 'ट्रूरो' जहाज ३४२ माणसं घेऊन डर्बनला लागलं. १९११ पर्यंत सुमारे १ लाख ५२ हजार भारतीय गिरमिटिया म्हणून आले. त्यात बहुतेक तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारे होते. त्यांच्यामागून स्वतःच्या खर्चाने गुजराती व्यापारी आले. ही भरती बंद होण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांचा मोठा वाटा होता. १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात याबद्दलचा ठराव मांडला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. करार संपलेल्या मजुरांवर लादलेला ३ पौंडांचा कर रद्द करावा, ही त्यांची तिथली मुख्य मागणी होती.

लक्षात घ्या, मजूर फक्त मळ्यांवर नव्हते. डर्बनची नगरपालिका स्वतः भारतीय मजूर ठेवत होती. रस्ते, कचरा, सफाई ही कामं करणारी कुटुंबं 'मॅगझिन बॅरॅक्स' नावाच्या पालिकेच्या चाळवजा वसाहतीत राहत. म्हणजे पालिका त्यांची मालकही होती आणि घरमालकही.

घरपट्टी भरा, मत देऊ नका

पालिकेत मत देण्याचा हक्क मालमत्तेशी जोडलेला होता, त्यामुळे काही भारतीय मतदार होते. १९२४ मध्ये नाताळ प्रांताने वटहुकूम काढला आणि भारतीयांना पालिकेच्या मतदार यादीत नव्याने येण्याचा रस्ता बंद केला. त्यानंतर, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डर्बनची मोठी हद्दवाढ झाली. आजूबाजूच्या ज्या वस्त्या आत आल्या, त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती.

क्रम बघा. आधी मत काढून घेतलं, मग हद्दीत घेतलं. या लोकांना आता घरपट्टी भरायची होती, बांधकामाचे नियम पाळायचे होते, पण नगरसेवक निवडायचा नव्हता. नुसत्या लोकसंख्येच्या आलेखावर तुम्हाला फक्त एक उंच उडी दिसेल. 'जलद नागरीकरण' असं लिहून मोकळे झालात तर खरी गोष्ट हातातून निसटते.

आफ्रिकन लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. शहराला त्यांचे श्रम हवे होते, त्यांचा मुक्काम नको होता. नाताळमध्ये १९०८ साली कायदा झाला आणि ज्वारीची पारंपरिक बिअर विकण्याची मक्तेदारी डर्बनच्या पालिकेने स्वतःकडे घेतली. त्या पैशातून आफ्रिकन कामगारांची वसतिगृहं आणि त्यांच्यावरची देखरेख चालायची. अभ्यासक याला 'डर्बन पद्धत' म्हणतात. कामगारांच्या खिशातूनच त्यांच्यावरच्या नियंत्रणाचा खर्च निघत होता. घरी बिअर गाळून विकणाऱ्या बायकांवर धाडी पडत. १९५९ मध्ये केटो मॅनर वस्तीतल्या बायकांनी पालिकेच्या बिअर हॉलवर मोर्चे नेले, त्याचं मूळ इथे आहे.

माणसं रेषेबाहेर

केटो मॅनर याच हद्दवाढीत शहरात आलेला भाग. तिथे भारतीय जमीनमालकांच्या जागेवर आफ्रिकन कुटुंबं भाड्याने झोपड्या बांधून राहत. जवळीक होती आणि ताणही होता. जानेवारी १९४९ मध्ये दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १४२ माणसं मेली. त्यात आफ्रिकन आणि भारतीय दोन्ही होते.

१९५० मध्ये 'ग्रुप एरियाज' कायदा आला. कोणत्या वंशाने कुठे राहायचं ते सरकार ठरवू लागलं. डर्बनच्या नगर परिषदेने वंशवार विभागणीचे आराखडे स्वतः पुढाकार घेऊन तयार केले. केटो मॅनर रिकामं करण्यात आलं. आफ्रिकन कुटुंबं उत्तरेला क्वामाशू आणि दक्षिणेला उमलाझी इथे, तर भारतीय कुटुंबं मोठ्या प्रमाणावर चॅट्सवर्थला गेली. मॅगझिन बॅरॅक्सही उठवलं गेलं.

यात संशोधकासाठी एक सापळा आहे. उमलाझी डर्बनच्या हद्दीबाहेर होतं. क्वामाशू १९७७ मध्ये 'क्वाझुलू' या तथाकथित स्वायत्त प्रदेशाला जोडलं गेलं. माणसं त्याच घरात राहिली, रोज सकाळी त्याच गाड्यांनी डर्बनला कामाला येत राहिली, पण कागदावर ती डर्बनची उरली नाहीत. तेव्हाच्या आणि नंतरच्या 'डर्बन'ची थेट तुलना केलीत तर सरकारने कागदावर केलेलं विस्थापन तुम्ही लोकसंख्याशास्त्रीय बदल म्हणून मांडाल.

२००० ची रेषा

वर्णभेद संपल्यावर हे तुकडे जोडायचे होते. श्रीमंत उपनगरांची घरपट्टी आणि गरीब वस्त्यांची पाण्याची गरज एका तिजोरीत आणायची होती. डिसेंबर २००० च्या निवडणुकीबरोबर एथेक्विनी अस्तित्वात आली. त्या वेळी क्षेत्रफळ सुमारे ६८ टक्क्यांनी वाढलं, लोकसंख्या मात्र साधारण ९ टक्क्यांनीच. कारण आत आलेला बराचसा भाग ग्रामीण होता. तिथे पारंपरिक प्रमुखांचा, म्हणजे 'अमाखोसीं'चा अंमल आजही चालतो. त्यामुळे 'महानगर' या शब्दाखाली इथे बंदर, गगनचुंबी इमारती आणि डोंगरउतारावरची विखुरलेली झुलू घरं एकत्र मोजली जातात. घनतेची सरासरी काढताना हे विसरू नका.

आणि ते चार वांशिक रकाने? त्यांचा कायदेशीर साचा वर्णभेदाच्या काळातल्या १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने पक्का केला. आज जनगणनेत माणूस आपला गट स्वतः सांगतो आणि जुन्या अन्यायाची भरपाई मोजायला हे रकाने वापरले जातात. साचा जुना, काम नवं. दोन्ही गोष्टी प्रबंधात लिहायला हव्यात.

तुमच्या अभ्यासक्षेत्राची ओळख लिहिण्याआधी तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडा: हद्द बदलल्याची वर्षं, मताधिकार बदलल्याची वर्षं आणि कर कोणाकडून घेतला याची नोंद. जनगणनेचे तक्ते त्यानंतर उघडा. शहरात राहणारा, शहरासाठी राबणारा, शहराला कर देणारा आणि शहरात मत देणारा ही चार माणसं एकच आहेत का, हे तुमच्या शहराबाबतही विचारून बघा. जिथे उत्तर 'नाही' येईल, तिथे तुम्हाला प्रबंधाचा प्रश्न सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.