प्रेशर वाढवलं की पॉवर वाढते? फ्युएल प्रेशर रेग्युलेटरबद्दलचा हा गैरसमज इंजिन खाऊन टाकतो

टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर टाकले, नवा पंप आणला. आणि मग कुणीतरी सांगतं, “रेग्युलेटरचा स्क्रू दोन आटे पिळ, पेट्रोल जास्त जाईल, गाडी पळेल.” गाडी पळतेही. एखाद्या दिवशी हायवेवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र मागून निळा धूर येतो आणि इंजिन उघडल्यावर पिस्टनच्या कडा वितळलेल्या दिसतात.

दोष बिचाऱ्या रेग्युलेटरचा नसतो. त्याचं काम काय, हेच आपण समजून घेतलेलं नसतं!

रेग्युलेटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घरातला गॅस सिलिंडर येतो. तो रेग्युलेटर शेगडीच्या आधी बसतो आणि दाब कमी करून गॅस पुढे सोडतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपानंतर लावतात तोही बराचसा असाच, आणि त्याचा दाब असतो जेमतेम ४ ते ७ पीएसआय. पण फ्युएल इंजेक्शनच्या परफॉर्मन्स इंजिनात वापरतात तो रेग्युलेटर उलट्या जागी, म्हणजे फ्युएल रेलच्या नंतर बसतो. पंप सतत भरपूर पेट्रोल ढकलत राहतो. ठरलेल्या दाबापेक्षा जास्त झालं की रेग्युलेटरच्या आतला पडदा उचलला जातो आणि उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने परत टाकीत जातं.

आता मुख्य मुद्दा. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलमधलं पेट्रोल असतं आणि दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधली हवा. पेट्रोल किती फवारलं जाणार हे या दोन्हींमधल्या फरकावर ठरतं, नुसत्या रेलच्या दाबावर नाही. रेग्युलेटरने सांभाळायचा असतो तो हा फरक.

आकड्यांत बघूया. समजा, ३ बार, म्हणजे ४३.५ पीएसआय दाबाला मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल देणारा इंजेक्टर आहे. टर्बोने १ बार बूस्ट दिला. रेलमधला दाब ३ बारवरच अडकून राहिला, तर फरक उरला फक्त २ बारचा. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तोच इंजेक्टर आता साधारण ३५९ सीसीच देईल. म्हणजे इंजिनात हवा जवळपास दुप्पट चाललेली असताना इंजेक्टरची ताकद १८ टक्क्यांनी घटली! ईसीयूला बहुतेक वेळा याचा पत्ताच नसतो. तो आपला ठरलेले मिलिसेकंद इंजेक्टर उघडून मोकळा होतो. मिश्रण लीन होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनचा बळी जातो.

म्हणून रेग्युलेटरवर एक बारीक नळी जोडायची जागा असते. ती मॅनिफोल्डला जोडली की बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढतो. याला १:१ रेग्युलेटर म्हणतात. १ बार बूस्टला रेलमध्ये ४ बार, फरक पुन्हा ३ बार. टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर हाच घ्या. बूस्टच्या आठपट-बारापट दाब वाढवणारे जुने ‘रायझिंग रेट’ प्रकारही मिळतात. ईसीयू ट्यून करणं अवघड होतं त्या काळातला तो जुगाड होता. आज त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत.

आणि स्क्रू पिळून पॉवर? ३ बारवरून ४ बारवर गेलात तर इंजेक्टर फक्त १५ टक्के जास्त पेट्रोल देतो. दाब दुप्पट केला तरी ४१ टक्केच. दुसरीकडे दाब वाढला की पंप तासाला देतो ते पेट्रोल कमी होत जातं. इंजेक्टर छोटे पडत असतील, तर सरळ मोठे इंजेक्टर घ्या.

निवडताना दुकानदार आधी ब्रँड दाखवतो, रंग दाखवतो. तुम्ही आधी पंप सांगा. तासाला २५५ लिटर देणारा पंप बसवला असेल, तर ट्रॅफिकमध्ये इंजिन नुसतं सुरू असताना त्यातलं लिटर-दीड लिटरच जळतं. बाकी सगळं रेग्युलेटरमधून परत जायला हवं. सोसायटीच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बारीक असला की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. तसंच इथेही. रेग्युलेटरचं छिद्र लहान असेल किंवा रिटर्न लाइन बारीक असेल, तर स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब खाली येत नाही. मग लोक रेग्युलेटर खराब म्हणून बदलतात आणि नव्याचंही तेच होतं.

दुसरं, पडदा इथेनॉल सहन करणारा हवा. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. शिवाय त्यात ऊर्जा कमी असल्याने पेट्रोलही थोडं जास्त लागतं, तो हिशेब पंप निवडतानाच धरा.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच, पंपासोबत असतो आणि रिटर्न लाइन नसते. तिथे बाहेरचा रेग्युलेटर लावायचा तर रिटर्न लाइन नव्याने टाकावी लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत मात्र हात घालू नका. तिथे रेलमधला दाब १०० बारच्याही वर जातो आणि हा रेग्युलेटर त्यासाठी नाहीच.

आता सेटिंग. इंजिन थंड हवं, गाडी मोकळ्या हवेत हवी, अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा. ते आपोआप बंद पडलं की लाइनमधला दाब उतरलेला असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. रेग्युलेटर बसवला की रेलमधून येणारा पाइप इनलेटला आणि टाकीकडे जाणारा रिटर्नला गेलाय ना, हे दोनदा बघा. घाईत उलटे लागलेले पाहिले आहेत.

बॅटरी आणि फ्यूज परत लावा, नुसतं इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करून लाइन भरून घ्या आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवा. कुठेही ओलसर लागलं तर पुढे जाऊ नका.

इंजिन सुरू झाल्यावर मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी रेग्युलेटरवरून काढा आणि तिचं तोंड बंद करा. बहुतेक जण इथेच चुकतात. नळी जोडलेली ठेवून ४३.५ सेट केलं, तर व्हॅक्यूममुळे मूळ दाब प्रत्यक्षात ५० पीएसआयच्या वर जाऊन बसतो आणि ट्यूनरचं सगळं गणित बिघडतं. लॉकनट सैल करा, स्क्रू हळूहळू फिरवा. आत गेला की दाब वाढतो. इंजेक्टरचा प्रवाह ज्या दाबाला मोजलेला आहे तोच दाब ठेवा. बहुतेकदा तो ३ बार असतो. लॉकनट आवळून आकडा पुन्हा बघा, आवळताना तो सरकतो. मग नळी जोडा. दाब साधारण ३५ पीएसआयच्या आसपास उतरला, तर रेग्युलेटर नीट काम करतोय.

ही नळी थ्रॉटलच्या पुढून, मॅनिफोल्डमधूनच घ्या, तिच्यात दुसऱ्या कशाचा फाटा नको आणि दोन्ही टोकांना क्लिप हवीच. बूस्टमध्ये ही नळी निसटली, तर वरचं १८ टक्क्यांचं गणित पुन्हा लागू होतं. कधी नळी काढल्यावर आतून पेट्रोलचा वास आला, तर पडदा फाटलाय असं समजा आणि गाडी तिथेच थांबवा.

बॉनेटखालचा तेल भरलेला छोटा गेज इंजिन तापल्यावर चुकीचं दाखवू शकतो. सेटिंग त्यावर थंड असताना करा, पण गाडी चालताना बघायला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावा. पेट्रोलची लाइन केबिनमध्ये आणून तिथे गेज लावणं म्हणजे आगीला घरात बोलावणं.

यानंतर वाइडबँड सेन्सर आणि दाबाचा लॉग घेऊन डायनोवर जा. प्रत्येक क्षणी रेलचा दाब म्हणजे मूळ दाब अधिक बूस्ट, एवढंच जुळायला हवं. वरच्या आरपीएमला तो घसरत असेल, तर रेग्युलेटरला हात लावू नका. फिल्टर तुंबलाय का, पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतंय का, ते बघा. जुन्या बारीक वायरिंगवर मोठा पंप लावला की तो नेमका गरजेच्या वेळी दमतो. आणि ती घसरण सापडेपर्यंत बूस्ट कमीच ठेवा.

हे सगळं ट्रॅकच्या किंवा ड्रॅग स्ट्रिपच्या गाडीसाठी. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. त्यामुळे पान्हा हातात घेण्याआधी आरटीओचे नियम आणि विम्याची कागदपत्रंही एकदा वाचून घ्या.