ओरिओल्सचा जमाखर्च आणि डझनभर खेकडे



दर उन्हाळ्यात नव्याने आलेले सभासद दोन प्रश्न हमखास विचारतात. बेसबॉलची मॅच बघण्यात काही राम आहे का, आणि बाल्टिमोरचे खेकडे नेमके कसे खायचे? आम्ही काही मित्र गेली बरीच वर्षे दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी उरकतो. खेळाचे नियम शेजारच्या खुर्चीवरचा कोणीही आनंदाने समजावतो. पैशांचे गणित मात्र कोणी सांगत नाही, म्हणून ते इथे मांडतो.

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी ठरावीक रक्कम असते, त्यापलीकडे जाता येत नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२२ च्या करारातही अशी कमाल मर्यादा नाही. आहे तो दंड. २०२५ साली ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. पहिल्यांदाच ती ओलांडणाऱ्याला वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. म्हणजे एखादा संघ प्रथमच एक कोटीने पुढे गेला तर दंड २० लाख. श्रीमंत मालक तो पार्किंगच्या पावतीसारखा भरून टाकतात!

दुसरीकडे, प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एका सामाईक हंड्यात टाकतो आणि तो हंडा तीसही संघांत सारखा वाटला जातो. देशभरच्या टीव्ही प्रक्षेपणाचे पैसेही समान वाटले जातात. पण स्थानिक टीव्हीचा उरलेला हिस्सा ज्याचा त्याचा, आणि खरी दरी तिथेच पडते. आपल्याकडे तर त्यावरून भांडणच झाले. २००५ साली माँट्रियलचा संघ वॉशिंग्टनला आला. आपला प्रेक्षक तुटणार म्हणून ओरिओल्सची तक्रार होती. भरपाई म्हणून नव्या सामाईक वाहिनीत, म्हणजे मॅसनमध्ये, त्यांना मोठा वाटा मिळाला. मग वॉशिंग्टनला हक्कांचे किती पैसे द्यायचे यावर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, त्या २०२५ मध्ये मिटल्या. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते?

खेळाडूंचे म्हणाल तर पहिली तीनेक वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास मिळते (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन वर्षे लवादाने ठरेल ते, आणि सहा वर्षांची सेवा झाली की तो मोकळा. एच-१ वर ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्यांना ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच मध्यम शहराचे संघ तरुण पोरांवर चालतात. ओरिओल्स २०२१ मध्ये ११० सामने हरले आणि २०२३ मध्ये त्यांनी १०१ जिंकले, ते अशाच स्वस्त तरुणांच्या बळावर. २०२४ मध्ये कॉर्बिन बर्न्स आला, एक मोसम उत्तम खेळला आणि २१ कोटींच्या करारावर अ‍ॅरिझोनाला गेला. आमच्यातल्या एकाच्या मुलाने त्याच्या नावाचा शर्ट नुकताच घेतला होता. तो अजून कपाटात आहे.

उलटे उदाहरण ख्रिस डेव्हिसचे. २०१६ मध्ये सात वर्षांचा १६ कोटी १० लाखांचा करार झाला. त्यातले ४ कोटी २० लाख नंतर द्यायचे ठरले. तो २०२१ मध्ये निवृत्त झाला, हप्ते २०३७ पर्यंत आहेत. होमलोनच म्हणा.

एवढे असूनही मालकाचे नुकसान होत नाही, हे लक्षात ठेवा. पीटर अँजेलोस यांच्या गटाने १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात संघ १७ कोटी ३० लाखांना घेतला. २०२४ मध्ये डेव्हिड रुबेन्स्टाईन यांच्या गटाला तो १७२ कोटी ५० लाखांच्या मूल्यावर विकला गेला. मैदान मात्र राज्याचे आहे. १९९२ साली ते उघडले तेव्हा त्यात लॉटरीचा पैसा होता, आणि २०२२ च्या कायद्याने त्याच्या डागडुजीसाठी ६० कोटींपर्यंत कर्जाची सोय केली. म्हणजे बॅट कुठल्या बाजूने धरतात हे माहीत नसले तरी मेरीलँडमध्ये कर भरणारे आपण यात आहोतच. २०२३ अखेर भाडेकरार संपत होता तेव्हा जुने बाल्टिमोरकर खरोखर धास्तावले होते. १९८४ मध्ये त्यांचा फुटबॉल संघ रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला गेला, ते कोणी विसरलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ३० वर्षांचा नवा करार झाला.

आता जेवण. क्रॅब हाऊसमध्ये टेबलावर तपकिरी कागद अंथरतात, हातात लाकडी हातोडी देतात आणि वाफवलेले, मसाल्याने माखलेले खेकडे थेट कागदावर ओततात. ताट नाही, काटा-चमचा नाही. डझनावर विकतात, भाव रोज बदलतो, तेव्हा आधी विचारा. पोटावरचा पडदा निमुळता असेल तर नर, घुमटासारखा असेल तर मादी. इथे म्हणतात, एक वॉशिंग्टन स्मारक, दुसरी कॅपिटॉल! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सर्वांत भरलेले असतात. कवच उघडल्यावर दिसणारे राखाडी कल्ले काढून टाका. नांग्यांना हातोडी हलक्या हाताने मारा, नाहीतर कवचाचा चुरा मांसात जातो.

आमच्याबरोबर एकदा एका मित्राची आई आली होती, मालवणची. पहिला खेकडा फोडून म्हणाली, "अरे, पण ह्याचं कालवण कुठंय?" उरलेले सहा तिने घरी नेऊन वाटप लावून केले. तुम्हीही करून पाहा, फक्त मीठ शेवटी घाला. मसाल्यात ते आधीच भरपूर असते.