विस्कॉन्सिन फाउंडेशन विरुद्ध ॲपल

प्रोसेसरमधील आज्ञांचे परस्परावलंबन हाताळण्याच्या पेटंटवरून अमेरिकेत गाजलेला खटला. पेटंटचे संरक्षण दाव्यात लिहिले आहे तेवढ्यापुरतेच असते, हे यातील अपिलाने ठळकपणे दाखवून दिले.

तंत्र : वेग वाढवण्यासाठी आधुनिक प्रोसेसर प्रोग्रॅममधील क्रम सोडून तयार असलेली आज्ञा आधी उरकतो. समजा, ‘स्टोअर’ आज्ञा मेमरीतील एका पत्त्यावर नवी किंमत लिहिणार आहे आणि नंतरची ‘लोड’ आज्ञा तीच किंमत वाचणार आहे. लोड आधी झाली, तर जुनी किंमत हाती येते आणि पुढचे काम रद्द करून पुन्हा करावे लागते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील आंद्रेआस मोशोव्होस, स्कॉट ब्रीच, टी. एन. विजयकुमार आणि गुरिंदर सोही यांनी यावर उपाय काढला : चुकलेल्या लोडची नोंद तक्त्यात ठेवायची आणि पुढच्या खेपेस ती पुन्हा चुकेल का, याचे भाकीत त्या नोंदीवरून करून तिला थांबवायचे. त्यांना १९९८ मध्ये पेटंट (क्र. ५७८१७५२) मिळाले.

खटला व अपील : विद्यापीठाचे पेटंट सांभाळणाऱ्या फाउंडेशनने २०१४ मध्ये ॲपलवर खटला भरला. २०१५ मध्ये ज्यूरीने सुमारे २३.४ कोटी डॉलर भरपाई ठरवली. २०१७ च्या अंतिम निवाड्यात ती ५०.६ कोटींवर गेली. ॲपलच्या प्रोसेसरमध्ये मात्र लोड आज्ञांना १२ बिटांची खूण दिली जाई. अशा खुणा ४,०९६ च होत असल्याने अनेक आज्ञांच्या वाट्याला एकच खूण येऊ शके. पेटंटच्या दाव्यातील भाकीत ‘विशिष्ट’ आज्ञेशी, म्हणजे एकाच आज्ञेशी, जोडलेले होते. त्यामुळे उल्लंघन सिद्ध होत नाही, असे सांगून फेडरल सर्किट न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी निवाडा फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

महाराष्ट्रातील संदर्भ : नाशिकच्या संशोधकाचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. तो नामंजूर झाल्यास, २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून, अपील मुंबई उच्च न्यायालयात करावे लागते. भारतीय कायदा निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदमला पेटंट देत नाही. म्हणून अशा शोधात प्रत्यक्ष मंडल (सर्किट) काय करते, हे स्पष्ट मांडणे गरजेचे ठरते. संरक्षणाची व्याप्ती इथेही दाव्यांवरूनच ठरते. प्रतिस्पर्धी तेच काम आज्ञांचा गट करून साधू शकेल का, याचा विचार अर्ज लिहितानाच व्हायला हवा. निकालानंतर दावा रुंदावता येत नाही.