तीन परळचे, चार लंडनचे

रक्तपेढीत आलेल्या पेशंटचं ग्रुपिंग केलं, ए नाही, बी नाही, म्हणून कागदावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलं. क्रॉसमॅचला ओच्याच पिशव्या लावल्या, तर एकामागून एक सगळ्या नळ्यांत गुठळ्या. वडोदरा असो की वाळवा, जाणता टेक्निशियन अशा वेळी एकच नाव घेतो: बॉम्बे.

या गटाचं कूळ मुंबईतल्या परळचं. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली. लेखावर सह्या मात्र सात. उरलेले चौघे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे. रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस यांचा रक्तगटांवरचा ग्रंथ तेव्हा या विषयातला शेवटचा शब्द मानला जाई, तर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रक्तगटांमागची साखरेची रसायनं उलगडत होते. स्वातंत्र्याला पाच वर्षंही झाली नव्हती, आणि तीन मुंबईकरांची नावं यादीत आधी आहेत. मला हे गटाच्या नावाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

भानगड अशी. ए आणि बी या खुणा लाल पेशीवर परस्पर उमटत नाहीत. आधी 'एच' नावाचा पाया लागतो. ओवाल्याकडे नुसता पाया असतो. बॉम्बेवाल्याकडे पायाच नाही, त्यामुळे त्याचं शरीर ओचं रक्तही परकं समजून त्यावर तुटून पडतं. अंगात बीचा जीन असला तरी तो दिसत नाही. 1955 मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी इटालियन वंशाच्या एका बाईची केस मांडली: तपासणीत ती ओ, मुलगी मात्र एबी! जुन्या हिशेबाने हे अशक्यच. संशय आईवर घ्यायचा की प्रयोगशाळेवर? दोघीही निर्दोष होत्या.

खात्री करायची तर गॉर्स या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. ओच्या पेशी त्यात गोळा होतात, बॉम्बेच्या ढिम्म राहतात. पेशंटच्या सीरमच्या उलट तपासणीत ओ पेशींची नळी लावली तरी लगेच शंका येते. घाईत तीच वगळली, तर पुढे रात्र जागवावी लागते.

मुंबईत हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा. एवढा विरळ दाता एकट्या शहराने सांभाळायचा नाही म्हटलं तर सामायिक यादी हवी. 1935 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रक्तसंक्रमण संस्थेत देशोदेशीचे रक्ततज्ज्ञ सभासद आहेत; तिच्या रक्तगट-प्रणालींच्या क्रमवारीत एबीओ 001, तर एच 018. दुर्मीळ दात्यांची आंतरराष्ट्रीय यादी ब्रिस्टलला ठेवली जाते. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था हे काम पाहते. तिची सुरुवात 1957 ची, रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून.

एवढं असूनही पहिला फोन नातलगांनाच करायचा असतो. सख्ख्या भावंडाचा गट हाच निघण्याची शक्यता चारात एक. वडोदऱ्याच्या मराठी घरात भावंडं वडोदऱ्यात, पुण्यात, न्यू जर्सीत पांगलेली. तेव्हा टेक्निशियनच्या हातात आधी नातेवाइकांचे नंबर, मग मुंबईचा.